दोन झटक्यांच्या मधले दिवस

कुत्र्याला फिट आली की घरातलं कुणीतरी हमखास त्याच्या तोंडात हात घालायला धावतं. जीभ आत जाईल, गिळली जाईल, श्वास कोंडेल, ही भीती माणसांच्या आकडीसोबत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि ती तशीच्या तशी कुत्र्यावर उतरते. दुसरा कुणी कांदा फोडून आणतो, तिसरा चप्पल हुंगवायला सांगतो, चौथा तोंडावर पाणी मारतो. जीभ काही गिळली जात नाही. कधी ती चावली जाते, आणि तिच्याबरोबर मध्ये घातलेली माणसाची बोटंही. त्या क्षणी जबडा मिटतो तो स्नायू आवळले गेल्यामुळे. आपण कुणाला चावतोय याची कुत्र्याला शुद्ध नसते आणि पकड सोडणंही त्याच्या स्वाधीन नसतं.

कांद्याची ख्याती का टिकली, हे मात्र समजण्यासारखं आहे. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. स्वयंपाकघरात जाऊन, टोपलीतून कांदा काढून, तो फोडून परत येईस्तोवर तेवढा वेळ गेलेला असतो. फिट थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं.

म्हणजे फिट चालू असताना माणसाने करण्यासारखं फार थोडं असतं. खरं काम असतं ते दोन फिटच्या मधल्या दिवसांत, आणि ते कंटाळवाणं, घड्याळाला बांधलेलं, वर्षानुवर्षं चालणारं काम आहे. घाबरलेल्या घराला पहिल्या दिवशी हे सहसा कुणी सांगत नाही.

मेंदूतल्या पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी बोलतात. काही पेशी संदेश पुढे ढकलतात, काही त्याला आवर घालतात. हा आवर सुटला की ग्रामसभेत सगळ्यांनी एकदम बोलायला लागावं तशा असंख्य पेशी एकाच वेळी संदेश सोडू लागतात. हा गोंधळ मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरला की ती मोठी फिट. कुत्रा एका अंगावर कोसळतो, मान मागे जाते, पाय काठीसारखे ताठ होतात, काही सेकंद श्वासही अडखळतो. मग तो पोहल्यागत पाय मारायला लागतो, दात कटकट वाजतात, तोंडाला फेस येतो, शी-शू होऊन जाते. डोळे उघडे असले तरी तो पाहत नसतो. कधी कण्हल्याचा किंवा केकाटल्याचा आवाजही येतो आणि पाहणाऱ्याचं काळीज फाटतं. पण तो आवाज वेदनेचा नसतो, कारण वेदना कळायला लागणारी शुद्धच त्या वेळी हरपलेली असते. पाहणाऱ्याला जो त्रास होतो, तो त्या क्षणी कुत्र्याला होत नसतो.

गोंधळ मेंदूच्या एकाच कोपऱ्यात राहिला तर फिट ओळखूही येत नाही. चेहऱ्याची एकच बाजू फडफडते, एकच पाय झटके देतो, किंवा कुत्रा हवेत नसलेल्या माशा पकडायला तोंड मारत बसतो. घरातले हसतात, व्हिडिओ करून नातेवाइकांना पाठवतात. तो व्हिडिओ डॉक्टरांनाही पाठवावा. दर वेळी ती फिटच असते असं नाही, पोटाच्या तक्रारीतूनही कुत्री असं करतात. पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

मोठी फिट सुरू झाली की पहिली नजर घड्याळाकडे जायला हवी. घाबरलेल्या माणसाला अर्धा मिनिटही न संपणारा वाटतो, आणि ‘बराच वेळ चालू होती हो’ या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. वेळ पाहिली की आजूबाजूच्या खुर्च्या, टीपॉय बाजूला सरकवा. डोक्याखाली उशी किंवा घडी घातलेलं पांघरूण सारा. कुत्रा जिन्याच्या किंवा ओट्याच्या कडेला असेल तर पाठीमागच्या बाजूने, तोंडापासून लांब राहून, चादरीवर घेऊन ओढा. टीव्ही बंद करा, दिवे मंद करा, पंखा चालू ठेवा. दाबून धरू नका. धरल्याने फिट लवकर संपत नाही, उलट त्याला इजा होऊ शकते. पाणी, औषध, खाणं यातलं काहीही तोंडात घालू नका, कारण ते श्वासनलिकेत जातं.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला आधी दुसऱ्या खोलीत बंद करा. एरवी एका ताटात जेवणारा सोबतीही आचके देणाऱ्या कुत्र्यावर तुटून पडू शकतो. असं का, याची उत्तरं वेगवेगळी दिली जातात. पण ते घडतं, एवढं खरं.

आता घड्याळाबद्दल. फिट ५ मिनिटांच्या पुढे गेली तर ती आपली आपण थांबेल या भरवशावर बसायचं नाही. अविरत आचके देणाऱ्या स्नायूंमुळे अंग तापतं, ताप ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेला की मेंदूसकट सगळ्याच अवयवांना धोका पोचतो. एका फिटमधून शुद्धीवर येण्याआधीच दुसरी सुरू झाली, तरी तीच तातडी. २४ तासांत दोन किंवा अधिक फिट आल्या आणि मधल्या वेळात कुत्रा नीट शुद्धीवर आला, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, ‘आता बरा आहे’ म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही. गाडीत नेताना खिडक्या उघड्या किंवा एसी चालू ठेवा, पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसा. अंगावर बर्फाचं पाणी ओतू नका.

ज्यांच्या कुत्र्याला अशा लांबलेल्या किंवा एकामागोमाग येणाऱ्या फिटचा इतिहास आहे, त्यांना डॉक्टर घरी ठेवायला औषध देतात. डायझेपाम गुदमार्गाने द्यायचं असतं, मिडाझोलामचा फवारा नाकात मारायचा असतो. दोन्ही रक्तात झपाट्याने उतरतात आणि गिळावी लागत नाहीत. डायझेपामची एक खोड लक्षात ठेवा: ते प्लॅस्टिकमध्ये शोषलं जातं. म्हणून सोयीसाठी सिरिंज भरून महिनोन्‌महिने फ्रिजमध्ये ठेवली तर ऐन वेळी त्यात पुरतं औषध उरलेलं नसतं. ते मूळ काचेच्या कुपीतच ठेवायचं आणि लागेल तेव्हा सिरिंजमध्ये ओढायचं. किती आणि केव्हा, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घेऊन ते फ्रिजच्या दारावर लावा. मात्रांचे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. त्या वजनावर आणि आधी चालू असलेल्या औषधांवर ठरतात.

फिट थांबल्यावरचा काळ बऱ्याच घरांना फिटपेक्षाही अवघड जातो. कुत्रा उठतो, पण तो आपला वाटत नाही. भिंतींवर आपटतो, कारण काही काळ त्याला दिसत नसतं. खोलीतल्या खोलीत येरझारा घालतो, अधाशासारखं खायला मागतो, घरच्यांना ओळखत नाही, प्रसंगी गुरगुरतो. हे काही मिनिटांत ओसरतं, कधी तास लागतात, क्वचित एखादा दिवसही जातो. या काळात लाडाने मिठी मारायला जाऊ नये. लहान मुलांना तर लांबच ठेवावं. नावाने हळू आवाजात हाक मारत राहावी, आणि तो नीट चालायला, गिळायला लागला की थोडं थोडं पाणी द्यावं.

हे सगळं खरंच फिट आहे का, हा प्रश्नही विचारायला हवा. हृदयाच्या आजारात कुत्री चक्कर येऊन पडतात. ती बहुधा धावताना, उत्साहात किंवा खोकताना पडतात, अंग सैल पडतं आणि काही सेकंदांत ती उठून काही झालंच नाही अशी चालू लागतात. फिट जास्त करून झोपेत किंवा निवांत पडलेलं असताना येते, तोंडाला फेस येतो आणि नंतरचा तो भांबावलेला काळ असतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र बिघडलं तर तो मान वाकडी करून गोल फिरत कोसळतो, तेही फिटसारखंच दिसतं. दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्रा ठणठणीत झालेला असतो आणि डॉक्टरांना दिसतं ते फक्त घाबरलेलं कुटुंब. म्हणून एकाने कुत्र्याकडे पाहायचं आणि दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करायचं. त्या वेळी ते निष्ठुरपणाचं वाटतं, पण निदानाला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

कारणांकडे वळताना कुत्र्याचं वय पहिलं विचारात घ्यावं लागतं. छोट्या जातीचं पिल्लू उपाशी राहिलं किंवा जंतांनी खंगलं की रक्तातली साखर घसरून फिट येते. ते थोडं सावध होताच हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळावं आणि दवाखाना गाठावा. पिल्लांना पाजणारी कुत्री बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताठरली, थरथरू लागली, धापा टाकू लागली तर रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असण्याची दाट शक्यता असते. तिला शिरेतून कॅल्शियम तातडीने मिळावं लागतं. यकृत बिघडलं असेल तर शरीरातली विषारी द्रव्यं मेंदूपर्यंत पोचतात.

आणि बाहेरून येणारी विषं. उंदीर मारायचं झिंक फॉस्फाइड, डार्क चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल ही तर आहेतच. आपल्याकडे त्यात भर पडते ती गोठ्यातल्या औषधांची. म्हशीच्या गोचिडांवर फवारायचं किंवा शेतात मारायचं कीटकनाशक ‘थोडं पातळ करून’ कुत्र्याला चोळण्याची पद्धत गावोगाव आहे. कुत्रा ते अंगावरून चाटतो, लाळ गाळतो, थरथरतो आणि कोसळतो. अशा वेळी काय लावलं त्याची बाटली डॉक्टरांकडे न्यावी. लाजू नये, कारण उतारा विषावर अवलंबून असतो.

गोचिडांवरच्या नव्या चघळायच्या गोळ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सॅरोलेनर, लोटिलेनर हा एकाच कुळातल्या औषधांचा गट. बहुतेक कुत्र्यांना तो सोसतो. परंतु काहींना कंप किंवा फिट येऊ शकते असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. कुत्र्याला कधी फिट आलेली असेल तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोचीड तापही मेंदूपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे गोचीड राहू देणं हा पर्याय नाही. पर्याय आहे तो वेगळ्या औषधाचा.

लस न घेतलेल्या कुत्र्याची फिट आणखी दोन गोष्टींची आठवण करून देते. डिस्टेंपरमध्ये डोळ्यांना चिपडं, नाकाला शेंबूड, जुलाब होऊन गेलेले असतात आणि मग जबडा च्युइंगगम चघळल्यासारखा हलत राहतो. दुसरी रेबीज. वागणं अचानक बदललेलं, जबडा लोंबलेला, गिळता न येणारा कुत्रा असेल तर त्याच्या लाळेला हात लावू नये. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन ताबडतोब सरकारी दवाखान्यात लस घ्यावी.

हे सगळं तपासून, रक्ताचे अहवाल नीट येऊन, मधल्या काळात कुत्रा अगदी निरोगी दिसत असेल आणि पहिली फिट ६ महिने ते ६ वर्षं या वयात आलेली असेल, तर बहुधा तो अपस्मार असतो. २०१५ मध्ये पशुवैद्यकीय अपस्माराच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने निदानासाठी हीच वयाची चौकट ठरवून दिली. या चौकटीबाहेर, म्हणजे फार लहानपणी किंवा उतारवयात पहिली फिट आली, की मेंदूत काही गाठ, सूज, जन्मजात दोष आहे का हे पाहायला एमआरआय सुचवतात. त्यासाठी भूल द्यावी लागते, खर्च बराच येतो आणि सोय मोजक्याच शहरांत आहे. अपस्मारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर, बीगल, जर्मन शेफर्ड या जातींत तो वारंवार दिसतो. बॉर्डर कॉलीत तर तो फार उग्र रूप घेतो. गावठी कुत्र्यांनाही होतो. अशा कुत्र्याची पिल्लं काढू नयेत. कितीही देखणा असला तरी, आणि शेजाऱ्यांना त्याचंच पिल्लू हवं असलं तरी.

एक फिट आली म्हणजे लगेच जन्माची गोळी लागली, असं नाही. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिट, एकामागोमाग आलेल्या फिट, लांबलेली फिट, किंवा नंतरचा काळ फारच वाईट जाणं, यांपैकी काही असेल तर औषध सुरू करतात.

औषधं जुनीच आहेत, आणि माणसांकडून आलेली. पोटॅशियम ब्रोमाइड फिटवर चालतं हे लंडनच्या सर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये सांगितलं. फेनोबार्बिटालचा गुण १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरच्या ध्यानात आला. रुग्णांना झोप लागावी म्हणून त्याने ते दिलं होतं, तर त्यांच्या फिटच कमी झाल्या. माणसांच्या उपचारात या दोघांची जागा आता पुष्कळशी इतरांनी घेतली आहे. कुत्र्यांत मात्र शंभर वर्षांनंतरही तीच पहिल्या फळीत आहेत, आणि औषधाच्या दुकानात गार्डिनल या नावाने मिळणारी गोळी म्हणजे हेच फेनोबार्बिटाल.

ती दिवसातून दोनदा, साधारण १२ तासांच्या अंतराने द्यायची. रक्तातली पातळी स्थिरावायला सुमारे दोन आठवडे लागतात. याच काळात कुत्रा सुस्तावतो, मागचे पाय लटपटतात आणि घरचे म्हणतात, ‘औषधाने याला पार झोपवून टाकलं.’ बरेच जण इथेच गोळी सोडतात. थोडी कळ काढली तर ही सुस्ती बहुतेकांची उतरते. उतरत नाही ती भूक आणि तहान. कुत्रा कचऱ्याचा डबा पालथा घालतो, रात्री शूसाठी उठवतो, वजन वाढवतो. पोळीचे तुकडे वाढवण्याऐवजी काकडी, गाजर, उकडलेला दुधी द्यावा. औषधाने यकृतावर ताण येतो, शिवाय शरीर हळूहळू ते औषध लवकर जिरवायला शिकतं आणि तीच मात्रा अपुरी पडू लागते. म्हणून दर सहा महिन्यांनी यकृताची आणि औषधाच्या पातळीची रक्ततपासणी. ही तपासणी टाळणं हे मला गोळी चुकवण्याइतकंच गंभीर वाटतं, आणि टाळली जाते ती कुत्रा ‘छान आहे’ म्हणूनच.

एकट्या फेनोबार्बिटालने भागलं नाही तर ब्रोमाइडची जोड देतात. ते शरीरातून इतकं सावकाश बाहेर पडतं की पूर्ण परिणाम दिसायला तीनेक महिने जातात. ब्रोमाइड आणि मीठ यांचं वाकडं आहे. खाण्यातलं मीठ एकदम वाढलं तर मूत्रपिंड ब्रोमाइडही जोरात बाहेर टाकतं आणि फिट परततात. तेव्हा ब्रोमाइडवरच्या कुत्र्याला पाहुण्यांनी वेफर आणि फरसाण भरवणं हा निरुपद्रवी लाड नव्हे. लेव्हेटिरॅसिटाम हे नवं औषध यकृताला सोपं, पण साधी गोळी दर आठ तासांनी द्यावी लागते. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात दुपारची गोळी कोण देणार, यावर ते चालेल की नाही हे ठरतं.

खोबरेल तेलाबद्दल हल्ली फार विचारणा होते. त्याचं मूळ असं: लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०१५ मध्ये २१ अपस्मारी कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मध्यम लांबीच्या साखळीची मेदाम्लं घातलेल्या आहाराने त्यांच्यातल्या बहुतेकांच्या फिट कमी झाल्या. पण ती कुत्री आधीची औषधं घेतच होती, आणि खोबरेलात या कामाची मेदाम्लं थोडीच असतात. चमचे ओतून भरते ती चरबी. फेनोबार्बिटाल आणि ब्रोमाइडवरच्या कुत्र्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतोच, त्यात ही भर कशाला?

एक वही ठेवावी. तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या दिवशी काय घडलं, गोळी चुकली होती का, मादी असेल तर माजावर होती का. चार-सहा महिन्यांत काही कुत्र्यांचा नमुना दिसू लागतो. कुणाची फिट दिवाळीच्या फटाक्यांनंतर, कुणाची प्रवासानंतर, मादीची माजाच्या सुमारास. नमुना दिसला तर डॉक्टर त्याआधीच तजवीज करू शकतात. गच्चीला, जिन्याला दार हवं, विहीर किंवा तळ्याकाठी मोकळं सोडू नये, आणि त्याला उंच पलंगावर झोपवण्याची सवय मोडावी.

यश कशाला म्हणायचं, हेही आधी ठरलेलं बरं. पूर्ण बंद होणं हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. साधारण दोनतृतीयांश कुत्र्यांचा आजार औषधांनी बराचसा आटोक्यात येतो. उरलेल्यांना दोन-तीन औषधं देऊनही फिट येत राहतात. फिट निम्म्यावर येणं, त्या सौम्य होणं, ही डॉक्टरांच्या हिशेबी चांगली प्रगती असते. काही घरांवर दयामरणाचा निर्णय घ्यायची वेळ येते. तो घेणाऱ्यांना बाहेरच्यांनी बोल लावू नये. पण तो पहिल्या फिटच्या धक्क्यात, औषधाला दोन-तीन महिनेही न देता घेऊ नये, इतकंच.

गोळी एकदम बंद करू नका. फिट वर्षभर आलेली नसली तरी नाही, दुकानातला साठा संपला तरी नाही. फेनोबार्बिटाल अचानक थांबवलं की मेंदू उसळतो आणि येणारी फिट आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी असू शकते. कमी करायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिनोन्‌महिने लावून. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात नसते, म्हणून डब्यात आठवडाभराच्या उरल्या की नवी पट्टी आणून ठेवा.